नडगीवरचा खड्डा

सुनंदाची दातखीळ बसली होती, डोळे वर गेले होते आणि तिचं लेकरू निळं पडून तिच्या मांड्यांमध्ये निपचित होतं. शेजारच्या बाया लिंबू कापा, पुजाऱ्याला बोलवा म्हणून ओरडत होत्या. एकीने दात उघडायला चमचा आणला. जैनीबाईने तो हिसकून अंगणात फेकला.

“तोंडात काई घालू नका. कुशीवर करा तिले. देवाले तुमी बोलवा, पन मले कोनी गरम पानी देऊन राह्यले का नाई?”

सुनंदा माझी लेक. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. जैनीबाई पलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची दाई. बारकी, काळी, तोंडाने फटकळ. नखं दगडावर घासून बोथट करायची आणि राखेने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय बाईला शिवायची नाही. पोट दाबणाऱ्या दाया तिला आवडत नसत. म्हणायची, “पोट दाबाचं नाई, पोट आयकाचं.”

वार पडली. मी म्हटलं, नाळ काप. “थांब शांताबाई. अजून थे आईचंच आहे.” तिने वार कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवली, दोन बोटांनी नाळ लेकराकडे निपटत राहिली आणि दुसऱ्या हाताने त्याची पाठ चोळली. शेवटी ते मांजराच्या पिल्लासारखं कुंईकुंई करू लागलं. पुढे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वार तापवून काही होत नाही, पाठ चोळल्यामुळे रडलं असेल. असेल. मी रडणं ऐकलं एवढं खरं.

माझा नवरा टेकडीवर चढून फोन करून आला. गाडी यायला वेळ लागला. धानोऱ्याच्या रस्त्याला लागलो आणि सुनंदाला पुन्हा झटका आला. त्यानंतर ती काही बोलली नाही. दवाखान्याच्या अलीकडेच गेली. जैनीबाई मागे बसली होती, लेकरू उघडंच आपल्या छातीला लावून वरून लुगडं गुंडाळलेलं. मुलगी होती. आईचं अंग गार पडत होतं आणि जैनीबाई लेकराला म्हणत होती, “तू गरम राह्य वं. तू गरम राह्य.”

हे टळलं असतं. चार दिवस आधी जैनीबाई आमच्या दारात आली होती. कुठलीही गरोदर बाई दिसली की ती आधी खाली बसायची आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबायची. अंगठा काढल्यावर खड्डा भरून आला की केस आपली. नाही भरला की दवाखान्याची. सुनंदाच्या नडगीवर खड्डा तसाच राहिला.

“हे माह्या हातचं नाई. आजच ने.”

मोहफुलाचे दिवस होते. एक पहाट चुकली की फुलं गुरं खातात. मी म्हटलं, बायांचे पाय सुजतातच, चार दिवसांनी मोह सरला की नेते. सुनंदा माझ्याबरोबर वेचायला येत होती. डोकं दुखते म्हणाली, तर मी म्हटलं, ऊन लागलं.

नात महिनाभर जैनीबाईच्या आणि माझ्या छातीवर राहिली. आंघोळ नाही, गूळपाणी नाही. शेजारच्या ओल्या बाळंतिणीला जैनीबाईने दरडावलं, “तुले देवानं दोन देल्ले, तुह्या पोराले एक पुरते. दुसरं हिले दे.” ती बाई हसली आणि तिने दिलं.

एकदा मी जैनीबाईला विचारलं, “त्या दिवशी तू सुनंदाले वढत काऊन नाई नेलं?”

“म्या सांगतलं होतं. वढाचं कामबी माहंच काय?”

असं म्हणाली खरी. पण त्यानंतर ज्या घरी खड्डा भरला नाही, त्या घराच्या उंबऱ्यावर ती बसू लागली. गाडी येईपर्यंत उठायची नाही, जेवायची नाही. घरचे शिव्या द्यायचे, कोणी अंगावर पाणी फेकलं. “फेक. तुह्याच घरचं पानी सरते,” म्हणायची.

गेल्या पावसाळ्यात ती स्वतः सुजली. माझी नात आता शाळेत जाते. तिने खेळता खेळता जैनीबाईच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा तसाच राहिला. जैनीबाई हसली. “आता माह्या दारात कोन बसते?”

मी बसले. ती नाही नाही म्हणत होती, मी हलले नाही. गाडी आली तेव्हा नातीने तिचा हात धरला आणि धानोऱ्यापर्यंत सोडला नाही. दवाखान्यात जैनीबाई तीन दिवस होती. चौथ्या दिवशी गेली.

सुनंदा गेली, जैनीबाई गेली. पोरगी वाचली.