चौदाव्या मजल्याचा कौल

माझा मित्र विनीत परब लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. ठाण्यातल्या वीस-बावीस मजली टॉवरांत जाऊन दोर बघतो, ब्रेक बघतो आणि 'चालवण्यास हरकत नाही' अशा कागदावर सही करतो. त्या एका सहीवर शेकडो माणसं रोज निर्धास्त वरखाली करतात. तो स्वतः मात्र डोंबिवलीत पहिल्या मजल्यावर राहतो, कारण सातव्या मजल्याच्या फ्लॅटला देवाने डावा दिला होता.

डावा म्हणजे नकार. विनीतचं गाव कुडाळच्या बाजूला. तिथल्या देवळात कौल लावतात. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. हे काम धाकू गुरव करतात. बाकी गाव लग्नकार्याला, घराच्या पायाला कौल लावतं. परबांकडे सायन्स की कॉमर्स इथपासून बाइक काळी की निळी इथपर्यंत सगळं पाकळीवर. मी मुरबाडच्या शाळेतून त्याच्या कॉलेजात आलेलो, मला हे नवीन होतं, त्यामुळे मी त्याला भरपूर पिडायचो. "अरे, आज डब्यात भेंडी आहे, खाऊ की विचारून येतोस?" विनीत हसायचा. त्याची आई, कलावतीकाकू, हसायची नाही. "एकदाच विचारलं नव्हतं," ती मला म्हणाली होती, "आणि ह्याचे बाबा त्या बसमध्ये चढले, ते परत आलेच नाहीत." त्यानंतर तिच्यासमोर मी भेंडीचा विषय काढला नाही.

विनीतचं लग्न ठरलं रुचिताशी. टेंभी नाक्याजवळच्या एका दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करते, आवाज न चढवता. हनिमूनला व्हिएतनामचं दा नांग ठरलं. समुद्रकाठचं शहर, रात्रंदिवस गजबज, किनाऱ्याला लागून हॉटेलांची रांगच रांग. मी कोपरीत एका टूर्सच्या ऑफिसात बसतो, तेव्हा हॉटेल शोधायला दोघं माझ्याकडेच आले.

खुर्चीत बसतानाच रुचिता म्हणाली, "संदेश, एक सांगते. हॉल माझ्या काकांनी ठरवला, तारीख ह्यांच्या घरून आली, जेवण दोन्हीकडच्या आत्यांनी. हॉटेल आम्ही दोघं ठरवणार. दुसऱ्या कोणाला विचारायचं नाही. हे एवढं जमलं तर पुढचंही जमेल असं मी धरून चाललेय." मग विनीतकडे वळून, "बरोबर ना रे?"

"हो गं," विनीत म्हणाला.

तासभर फोटो बघून त्यांनी एक हॉटेल निवडलं. चौदावा मजला, खिडकीत टब, खिडकीबाहेर थेट समुद्र. रुचिताने तो फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. जाताना दोघं हसत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी विनीतचा फोन. "तिला सांग, रूम फुल झाली."

"झाली नाहीये."

"धाकूकाकांना फोटो पाठवलेला रे. डावा आला. परत लावायला सांगितला. परत डावा."

धाकूकाकांनी तो फोटो मोबाइलवर उघडून देवासमोर धरला होता म्हणे. गाऱ्हाण्याचं रेकॉर्डिंग विनीतने मला ऐकवलं. "बा देवा म्हाराजा, हो तुझो झील दर्यापल्याड जाता हा, त्या हाटेलात तेका राखशील तर उजवो दी." मग धाकूकाकांचा बारीक झालेला आवाज. "डावो पडलो, बाबू."

"देवाला टब आवडला नसेल," मी म्हटलं. विनीत हसला नाही.

मी रुचिताशी खोटं बोललो. मित्रासाठी एवढं चालतं, असं स्वतःला समजावलं. तिने दुसरं हॉटेल काढलं. डावा. तिसरं काढलं, ते किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत. तोही डावा. प्रत्येक वेळी मी तिला "फुल" म्हणून कळवलं आणि प्रत्येक वेळी तिचं उत्तर आधीपेक्षा लहान होत गेलं. शेवटी नुसतं "ओके".

आता मला गंमत वाटेनाशी झाली होती. ऑफिसात कोणी नसताना मी त्या चौदाव्या मजल्याचे फोटो उघडून बसायचो. काय शोधत होतो कोण जाणे. खिडकीची कडी बघितली, बाल्कनीचा कठडा किती उंच ते बघितलं, राहून आलेल्यांचे अभिप्राय वाचले. लोकांनी लिहिलं होतं, नाश्ता छान आहे. मला मात्र त्या निळ्या पाण्याकडे बघवेना. घरी आईने विचारलं, बरं नाही का. मी देव मानणारा नाही, तरी चौथं हॉटेल सुचवायची माझी हिंमत होईना.

लग्नाला अकरा दिवस राहिले असताना रुचिता एकटीच ऑफिसात आली. बसली, पाण्याचा ग्लास बाजूला सारला.

"मी काल त्या पहिल्या हॉटेलला फोन केला होता," ती म्हणाली. "चौदाव्या मजल्यावर समुद्राकडच्या तीन रूम रिकाम्या आहेत. आज सहापर्यंत एक धरून ठेवतायत. आता तू बोल."

मी बोललो. सगळं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती फक्त ऐकत राहिली, आपल्या पेशंटचं ऐकते तशी, मान किंचित वाकडी करून.

"बोलाव त्याला."

विनीत जवळच एका सोसायटीत कामावर होता, वीस मिनिटांत आला. हाताला ग्रीस. तिला बघितल्यावर माझ्याकडे बघितलं आणि समजला.

"सांगणार होतो गं," तो म्हणाला. "आईला झोप येत नाही. बाबांचं तुला माहितीये."

"माहितीये. त्याच्यावर मी कधी काही बोलले?" रुचिता म्हणाली. "मला एक सांग. माझ्यासाठी लावलेला?"

विनीत खुर्ची ओढून बसला.

"विनीत, आपलं ठरताना माझ्यासाठी कौल लावलेला?"

"लावला. उजवा आला म्हणूनच तर ठरलं."

"कितव्यांदा आला?"

रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, विनीतने काचेतून त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "चौथ्यांदा." आणि घाईघाईने, "पण बघ ना, मी थांबलो नाही. हॉटेलसाठी दोनदा विचारून सोडून दिलं. तुझ्यासाठी आईच्या मागे लागून चार वेळा लावायला लावला."

खरं सांगतो, मला ते ऐकून बरं वाटलं. विनीत परबने आयुष्यात देवाशी एकदाच हुज्जत घातली, तीही हिच्यासाठी. रुचिताच्या चेहऱ्यावरही क्षणभर काहीतरी हललं.

"तीन वेळा काय विचारलं होतं?"

"नेहमीचंच. ही मुलगी आमच्या घरात सुखाने राहील का."

"आणि चौथ्यांदाही हेच?"

विनीत हातावरचं ग्रीस अंगठ्याने घासायला लागला. "धाकूकाका म्हणाले, प्रश्न थोडा बदलून बघू. देवाला सोपं पडेल असा."

"काय केला?"

"ही मुलगी आमच्या घरात राहील का."

'सुखाने' हा शब्द काढल्याबरोबर देवाने हो म्हटलं होतं, आणि त्या 'हो'वर पत्रिका छापून झाल्या होत्या.

रुचिताने पर्समधून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. "संदेश, तीच रूम कर. चौदावा मजला. माझं नाव टाक." मग विनीतला म्हणाली, "मला देवाशी भांडायचं नाहीये. चार वेळा त्याला विचारलंस, मला एकदाही नाही विचारलं. आता मी तुला विचारते. तुझ्या घरात मी सुखाने राहीन का? तू सांग. तू सांगितलंस की तुझंही नाव टाकू."

विनीतने तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलेल. बावीस मजल्यांच्या दोराची हमी देणारा माणूस, हा एक शब्द काय अवघड होता. घड्याळात पावणेसहा झाले होते.

"पाच मिनिटं दे," तो म्हणाला. "फक्त पाच."

तो काचेचं दार ढकलून बाहेर गेला. आम्हाला तो आतून दिसत होता. गर्दीच्या फुटपाथवर कडेला उभा राहून त्याने फोन लावला, स्पीकरवर घेऊन शर्टाच्या खिशात ठेवला. मग बूट काढले, एकाला एक लावून नीट ठेवले आणि मोजे घातलेल्या पायांनी, डोळे मिटून, हात जोडून उभा राहिला. माणसं त्याला वळसा घालून जात होती.

रुचिता ते सगळं बघत होती. तिने वाट बघितली, हे मी सांगायला पाहिजे. मोबाइल हातात धरून पाच मिनिटं पूर्ण बघितली. मग हलकेच म्हणाली, "एकच नाव ठेव."

मी पाहुण्यांच्या संख्येत दोनाचा एक केला आणि बटण दाबलं.

विनीत बूट हातात घेऊनच आत आला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा सैल दिसत होता.

"उजवा आला," तो म्हणाला. "पहिल्याच वेळी आला गं."

"बरं झालं," रुचिता म्हणाली. पासपोर्ट पर्समध्ये टाकून तिने चेन लावली. "काकूंना सांग. मी माझ्या घरी सांगते."

तिच्या मागे दार बंद झालं. विनीत अजून हसतच होता. खुर्चीत बसून त्याने बुटाची नाडी बांधायला घेतली आणि मान वर न करता विचारलं, "काय रे, झालं का दोघांचं बुकिंग?"

स्क्रीन माझ्याकडे होती. ती त्याच्याकडे वळवायचं काम आता माझंच होतं.