दहाव्याला घेतलेली शपथ
टू-स्ट्रोक गाडीच्या जळक्या तेलाचा वास आला की मला पुणतांब्याचा घाट आठवतो. मुरमाच्या ट्रॅकवर मोटारसायकलची उडी चुकून गेलेल्या आमच्या मित्राचा दहावा होता आणि पिंडाला कावळा काही शिवत नव्हता. गाड्यांवरूनच आल्यानं आमच्या कपड्यांना तोच वास होता. त्याच्या चुलत्यांनी आम्हा तिघा रेसरांना पुढं ढकललं, "तुमच्यातच जीव अडकलाय त्याचा. शर्यत सोडतो म्हना." दोघांनी हात जोडून शपथ घेतली. कावळा झाडावरून हलला नाही. खरं तर येताना मीही सोडायचंच ठरवलं होतं; पण ज्या उडीसाठी तो जगला, तिची लोकांनी भर घाटावर चालवलेली नालस्ती ऐकून माझं डोकं फिरलं. पिंडाकडं बघून मी म्हणालो, "मी न्हाई सोडणार. पुढची शर्यत तुझ्याच गाडीवर पळणार." चुलते अंगावर धावून आले. त्याची आई मात्र शांतपणे म्हणाली, "घिऊन जा गाडी. गंजत ठिवून मी काय करू?" कावळा तरीही आला नाही, शेवटी दर्भाचा करून शिववला. पुढच्या शर्यतीत मी त्याच गाडीवर तीच उडी मारली. आता माझ्या गुडघ्यात सळई आहे. बायको म्हणते, "आता तरी सोडा." मी म्हणतो, "माझ्या दहाव्याला विचार."