कुंडातून मी उठले नाही

हे मुंबईच्या ऑफिसातून रिटायर झाले, त्या हिवाळ्यात आम्ही दोघं निर्मळहून स्कूटरवर अकलोलीला गेलो. तिथे डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याची कुंडं आहेत. घरी बंब पेटवायचं काम माझं, आणि सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर उरलेल्या कोमट पाण्यात माझी आंघोळ. मला एकदा पोटभर गरम पाण्यात बसायचं होतं.

मी पातळासकट उतरले. ह्यांनी अंगठा बुडवला, शिवी हासडली आणि पायरीवर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “झालं का? दुपारी वीज येईल, केळीला पाणी सोडायचंय.”

“नाही झालं.”

“अगं, शिजशील.”

“जून आहे मी. लवकर शिजायची नाही.”

शेजारच्या बाया हसल्या. हे तरातरा वर गेले आणि स्कूटरला किक मारल्याचा आवाज आला. हा माणूस खरंच निघून जाईल, हे मला ठाऊक होतं. जाईना का, एसटी आहे, असं म्हणून मी गळ्यापर्यंत पाण्यात सरकले.

स्कूटर फक्त सावलीत गेली होती. हे परत आले ते भज्यांचा पुडा घेऊन. “केळी एका दिवसात मरत नाहीत,” म्हणाले आणि स्वतःच खात बसले. मागितल्यावर मला दोन दिली. माझ्या बोटांना सुरकुत्या पडल्या तेव्हा मी वर आले. तोवर हे दुसरा पुडा आणायला गेले होते.