मूकपटातल्या राणीची लेक

राहात्याहून परतताना रस्त्याकडेला पेरूची पाटी घेऊन बसलेली एक म्हातारी मला भेटली. नव्वदीच्या आसपासची असेल. नाव विचारायचं राहूनच गेलं. पेरू निवडता निवडता ती डोक्यावरचा पदर दोन बोटांनी अशी काही सावरत होती, की मी म्हणाले, "आजी, पदर किती सुरेख घेता!"

"आबांनी शिकवला, माज्या बापानं," ती हसली. "आय ल्हानपनीच गेली ना."

आबा मूकपटांत बायकांची कामं करायचे. तेव्हा बायका पडद्यावर यायला तयार नसत, म्हणून कोवळ्या वयातले आबा राणी व्हायचे. पुढे बायका काम करू लागल्या आणि आबांच्या वाट्याला द्वारपालाचं काम आलं. मग चित्रपट बोलू लागले, तेव्हा त्यांच्या गावरान बोलीमुळे तेही गेलं. ते गावी येऊन शेती करू लागले.

"आय गेली तवा आबा लई रडले," ती म्हणाली. "तर लोक म्हनले, सोंग करतोय. तवापासनं चारचौघांत त्यांच्या डोळ्याला पानी न्हाई."

"तुमच्या लग्नातसुद्धा?"

"न्हाई. मी सासरी निघाले, तर मानसांकडं पाठ करून गाडीच्या बैलांच्या मानंची जुपनी आवळत बसले. लई येळ आवळली." तिनं निवडलेले पेरू माझ्या हाती दिले. "त्यांचा एक बी शिनेमा मी बघितला न्हाई, बाई. पन त्या पाठीवरनं मला समदं कळलं."