दाजींचे पाडवे

फोन आला तेव्हा मी जळकोटला आमच्या घरी भाकरी थापत होते. मुरुमहून माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन. "दाजी गेले गं," एवढंच ती म्हणाली. सकाळी अंघोळ करून देवघराकडं जाता जाता खाली बसले, ते उठलेच नाहीत. मग रोजच्याच आवाजात म्हणाली, "येताना चहापत्ती घेऊन ये. साखर बी आण. माणसं यायलीत, घरात कायच न्हाय." ज्या घरात कित्येक वर्षं चहा उकळला नव्हता, त्या घरात दाजींच्या मरणाच्या दिवशी चहा झाला. मीच केला, आलं ठेचून, पातेलंभर. खोटं कशाला सांगू, तो करताना माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. शोकसभेत मुरुमच्या व्यापाऱ्यांनी ते मनापासून पाळलं. आरोग्याचा वसा घेतलेला माणूस, असं एकजण म्हणाले. दुसऱ्यांनी सांगितलं की दाजींच्या सांगण्यावरून आपण साखर सोडली आणि गुडघे मोकळे झाले. मी बायकांत बसून ऐकत होते. शेजारी अक्का होती, उजवा पाय पदराखाली झाकून. त्या पायाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. म्हणून मी लिहिते आहे. अक्काला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, लिही, पण खरं लिही.

दाजींचं नाव चन्नबसप्पा. मुरुमच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. अक्काचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते, आणि तेव्हाचे दाजी मला आवडायचे हेही सांगायला हवं. बशीत ओतून चहा फुरक्या मारत प्यायचे, सासुरवाडीला येताना गरम मिरचीभज्यांचा पुडा आणायचे आणि निम्मी भजी वाटेतच संपवलेली असायची. मग एका बाजाराच्या दिवशी त्यांचे थोरले भाऊ दुकानातच गेले. हातात गज, समोर उलगडलेलं कापड, गिऱ्हाईक उभं… दाजी गल्ल्यावर बसलेले. डोळ्यांदेखत भाऊ गेला, वयानं फार मोठाही नव्हता. त्या दिवसानंतर दाजी घाबरले. त्यात काही चूक नाही, कुणीही घाबरला असता. पण माणसानं आपली भीती आपल्यापाशी ठेवावी. दाजींनी ती घरभर वाटली, आणि वर तिला ज्ञान म्हणू लागले.

त्यांचा मुहूर्त पाडव्याचा. गुढी उभारून झाली, कडुलिंबाचा पाला आणि गूळ वाटून झाला की दाजी खुर्चीत बसत आणि यंदा कोणती सवय ठेवायची, कोणती सोडायची ते जाहीर करत. 'आपण' सोडायची असं म्हणत, पण त्या 'आपण'मधल्या कुणालाच विचारलेलं नसे. एका पाडव्याला चहा गेला. दुसऱ्याला मीठ गेलं, खडेमीठ आलं. पुढच्या वर्षी पहाटे उठून तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायचं ठरलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तेच पाणी पोटाला घातक ठरलं. एका वर्षी दिवस मावळायच्या आत जेवायचं ठरलं, ते मात्र टिकलं. सोडलेल्या सवयीबद्दल 'माझं चुकलं' असं ते कधी म्हणाले नाहीत. ती सवयच वाईट होती आणि आपल्याला ते आधी कळलं, असं सांगत. मोबाईल आल्यावर तर विचारूच नका. रोज कोणीतरी नवा माणूस पडद्यावर येऊन यांना काहीतरी सोडायला सांगे. त्यांचा मुलगा महेश पुण्याला नोकरीला गेला तो दिवाळीलाच यायचा, पाडव्याला कधी आला नाही. अक्काला मात्र पुण्याला जाता येत नव्हतं. तिला दुपारी चारला चहाची तलफ यायची तेव्हा ती शेजारी उमाबाईंकडं हळद मागायला म्हणून जायची. पन्नाशी उलटलेली बाई, चहासाठी चोरासारखी.

इथवर मी हसण्यावारी नेलं. मग तो पाडवा आला, ज्या दिवशी दाजींनी औषधं सोडायची ठरवलं. अक्काला साखरेचा आजार, ती इन्सुलिन घ्यायची. दाजींचं म्हणणं असं की सुईनं आत गेलेलं औषध शरीराला आळशी करतं. मेथी, कारलं आणि उपास यांनी मुळापासून बरं होतं. फ्रिजमधल्या बाटल्या त्यांनी स्वतः काढून टाकल्या. अक्कानं मला यातलं काही सांगितलं नाही. काही आठवड्यांनी फोनवर तिची जीभ जड लागली. कसं आहे विचारलं तर म्हणाली, पायाला चप्पल लागली आहे, झोप फार येते. मी हातातलं काम टाकून हमरस्त्यावर आले आणि मिळेल ती गाडी पकडून मुरुम गाठलं.

अक्का माजघरात पडून होती. ओठ कोरडे, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, पायाच्या बोटांशी काळपट जखम, तिच्यावर हळदीचा लेप. दाजी उशाशी कारल्याच्या रसाचा पेला घेऊन बसलेले. मला बघून शांतपणे म्हणाले, "शरीर आतली घाण बाहेर टाकायलंय. थोडं सोसावं लागतंय. तू मधी पडू नको."

"दाजी, तुम्ही बाजूला व्हा," मी म्हणाले.

ते झाले नाहीत. मी उमाबाईंना हाक मारली, त्यांच्या मुलाची जीप काढली, आणि दोघींनी मिळून अक्काला उचललं. दाजी दारात उभे राहून सांगत होते की एवढ्या दिवसांची मेहनत आम्ही मातीत घालतो आहोत. उमरग्याला डॉक्टरांनी बघितलं आणि तिथूनच सोलापूरला पाठवलं. तिथं अक्का वाचली. तिच्या उजव्या पायाची दोन बोटं मात्र काढावी लागली.

दुसऱ्या दिवशी दाजी आले. इन्सुलिन का बंद केलं असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा अक्काच्या खाटेशी उभं राहून त्यांनी सांगितलं की हिनं पथ्य पाळलं नाही, ही लपून गूळ खायची. अक्का डोळे मिटून पडली होती. झोपलेली नव्हती, कारण मी धरलेला तिचा हात आवळला गेला. त्या दिवसापासून मी दाजींशी बोलले नाही. पुढच्या पाडव्याला त्यांनी म्हणे जाहीर केलं की यंदा इन्सुलिन ठेवायला हरकत नाही, आपण सगळं तपासून पाहिलं आहे. दोन बोटांबद्दल एक शब्द नाही. त्यानंतर मी मुरुमला जायची ते दाजी दुकानात असतील तेव्हाच.

आता मरणानंतरचं. आमच्या रीतीनं दहन न करता शेतात समाधी देऊन, पुढचे विधी उरकून पाहुणे पांगले. महेशही पुण्याला गेला. मी अक्काजवळ राहिले. एका दुपारी दाजींचे कपडे काढायला बसलो, कुणाला द्यायचे ते द्यावेत म्हणून. दुकानात घालायच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात काहीतरी करकरलं. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी होती. निम्मी संपलेली, ताजी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बायकोच्या बाटल्या उकिरड्यावर टाकणारा हा माणूस स्वतः दुकानात बसून गोळ्या गिळत होता! मी ती पट्टी अक्कासमोर आपटली.

तिनं ती उचलली, नीट सपाट केली आणि म्हणाली, "मला ठावं हाय. सदरे म्याच धुते की."

"त्या वर्षी पण?"

"व्हय. त्या वर्षी बी."

मी तिला वाट्टेल ते बोलले. तुझी बोटं गेली तेव्हा का नाही तोंडावर फेकलीस, डॉक्टरांसमोर का नाही काढलीस, म्हणून. ती सगळं ऐकून घेत सदऱ्याच्या घड्या करत राहिली. मग म्हणाली, "म्या बोलले असते तर लाजंनं त्यांनी त्या बी सोडल्या असत्या. मग ते बी गेले असते."

कुणी म्हणेल की बाई थोर आहे. मला तिच्या थोरपणाचं कौतुक नाही. ज्या घरात बाईला थोर व्हावं लागतं त्या घराचा मला राग आहे, आणि ज्यानं व्हायला लावलं त्याचाही. तो मेला म्हणून राग मरत नाही.

नंतर यंदाचा पाडवा आला. दुःखाचं वर्ष, गुढी नव्हती. मी मुद्दाम मुरुमला गेले, अक्कानं आता तरी आपल्या मनानं काय ठेवायचं, काय सोडायचं ते ठरवावं म्हणून. तिनं बरंच ठरवलेलं होतं. कारल्याच्या रसाचं यंत्र उमाबाईंना देऊन टाकलं होतं. खडेमीठ गेलं होतं, चहा सकाळ-दुपार होत होता, इन्सुलिन फ्रिजच्या दारात समोरच ठेवलेलं होतं. मला बरं वाटलं. पण ऊन उतरायला लागलं तशी ती उठली, भाकरी टाकली आणि दिवस मावळायच्या आत दोन ताटं वाढली. मी म्हणाले, आत्ताच कुठं चहा झाला, एवढ्या लवकर कोण जेवतं? हेही त्यांचंच खूळ ना, हे का नाही सोडलंस?

अक्का समोर बसत म्हणाली, "बाकीचं मला सांगायचे आन आपण दुकानाला जायचे. ह्या जेवणाला तेवढं दुकान बंद करून घरी यायचे. समोर बसायचे… बोलत न्हवते काय, पर बसायचे."

मला भूक नव्हती. बाहेर अजून चांगला उजेड होता, बाजारातून माणसांचे आवाज येत होते. अक्कानं माझ्या ताटात भाजी वाढली आणि मी हात लावेपर्यंत ती तशीच थांबून राहिली. मी भाकरीचा तुकडा मोडला.