फ्रिजमधल्या पाकोळ्या

शालिनी गेल्याचं मला तिच्या भावाने, यशवंतरावांनी, फोनवर सांगितलं आणि त्याच दमात विचारलं, "बाई, फ्रिजमदी बाटल्या हायत त्या फेकून देऊ ना? लोकं येतील आता, दूध ठेवायला जागा नाय." बहिणीला हॉस्पिटलातून घरी आणायचं होतं आणि गृहस्थाला चहाच्या दुधाची काळजी. मी तिच्या खालच्याच मजल्यावर राहते. अनवाणी वर धावले. यशवंतराव फ्रिजचं दार सताड उघडं टाकून उभे, हातात नळ्यांचा डबा. त्यांची बायको नाकाला पदर लावून म्हणत होती, "मेल्या जनावराचे तुकडे घरात ठेवतं का कोन?" मी डबा त्यांच्या हातातून काढून घेतला, शेजारची बरणी उचलली आणि दोन्ही आणून माझ्या फ्रिजमध्ये ठेवलं. मैत्रीण गेली त्या सकाळी मी आधी हे केलं, आणि त्याचा मला अभिमान आहे.

शालिनी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. पनवेलपलीकडच्या डोंगरात पाण्याचा एक जुना, बंद पडलेला बोगदा होता. त्यात लहान वटवाघळं लटकलेली असत. आमच्याकडे त्यांना पाकोळ्या म्हणतात. दिवेलागणीला शालिनी बोगद्याच्या तोंडाशी जाळी लावायची, पाकोळी अलगद धरायची, पंखाच्या कातडीचा टिकलीएवढा तुकडा काढून नळीतल्या अल्कोहोलमध्ये टाकायची आणि तिला सोडून द्यायची. पंखाचं भोक काही आठवड्यांत भरून येतं. पुस्तकांत ही सगळी एकच जात होती. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत त्या तुकड्यांतली जनुकं वाचली गेली, तेव्हा घोळ सुरू झाला. आईकडून येणारी जनुकं म्हणत होती, सगळ्या एकाच घरच्या. बाकीची म्हणत होती, छे, ही दोन घराणी आहेत, फार जुन्या काळी वेगळी झालेली. शालिनीने वर्षानुवर्षं डोकं लावून उलगडा केला. वेगळं झाल्यावरही केव्हातरी त्यांच्यात एखादी सोयरीक झाली होती आणि आईकडची जनुकं ही तिची उरलेली खूण होती. त्यानंतर छत एक, खेटून लटकणं एक, पण संबंध शून्य. "आपल्या सोसायटीसारखं," ती म्हणायची.

एवढं झाल्यावर मोठ्या विद्वानांनी काय विचारावं? "दिसण्यात फरक दाखवा." दिसण्यात! जन्मभर जनुकशास्त्राच्या नावाने पगार घेणारी माणसं ही. तिचा लेख परत आला, पुन्हा गेला, पुन्हा परत आला... तोवर रस्त्यासाठी बोगदाच फोडला. आता त्या दुसऱ्या घराण्यातली पाकोळी आणखी कुठे असेल तर असो, पण आम्हाला ठाऊक असलेला तिचा सगळा पुरावा त्या डब्यात होता, आणि बरणीत. बोगद्यात मरून पडलेली त्याच घराण्यातली एक पाकोळी शालिनीने बरणीत अख्खी जपून ठेवली होती. हे सगळं गटारात गेलं असतं तर त्या घराण्याला वेगळी जात म्हणून कुणीच कधी मानलं नसतं.

यशवंतरावांचा कळंबोलीच्या लोखंड बाजारात मोठा धंदा. वर्षातून एकदा, भाऊबीजेला, ते आमच्याकडे कामोठ्यात उगवायचे. एकदा माझ्यादेखत त्यांनी नळ्या हातात घेऊन विचारलं होतं, "शाले, दोगी सारक्याच दिसतात. मग येक काय नि दोन काय?"

"आपण दोघंही सारखेच दिसतो, दादा," ती म्हणाली. खरंच, तेच नाक, तीच हनुवटी. टोमणा त्यांना कळला नाही. ते खुशीत हसले आणि लाडू उचलला.

शोकसभेत कॉलेजच्या प्राचार्यांनी तिला 'निसर्गप्रेमी' म्हटलं. ज्या माणसाने तिला बोगद्यात जायला कधी एक दिवसाची रजा धड दिली नाही, त्याच्या तोंडी हा शब्द! शालिनीला वटवाघळांचं प्रेमबिम काही नव्हतं. घाण वास मारतात मेली, म्हणायची. तिला फक्त खोटं खपत नसे, मग ते पुस्तकातलं असो की माणसातलं. त्यामुळे माणसं फार उरली नाहीत तिच्याभोवती. मी उरले, कारण मीही तशीच खवट आहे.

पुढे बंगळूरहून तिची विद्यार्थिनी अनघा आली आणि डबा, बरणी बर्फात घालून घेऊन गेली. राहिलेली तपासणी तिने पुरी केली. दोन जाती पक्क्या ठरल्या, लेख या वेळी स्वीकारला गेला, आणि नव्या जातीच्या नावात शालिनीचं नाव असणार आहे. अनघाने मला फोनवर विचारलं, "मावशी, आडनाव घालू की नाव?" मी विचार करायला एक क्षणही घेतला नाही.

परवा यशवंतरावांचा फोन आला. बातमी कुठून तरी त्यांच्या कानावर गेली होती. "बाई, पाकोळीला आमचं आडनाव देतायत म्हनं? चौकात बॅनर लावतो मी. आमच्या शालीनं नाव काढलं!"

"आडनाव नाही हो. नुसतं शालिनी."

"आवो, मग लोकांना कलनार कसं, आमचीच म्हनून?"

"नाहीच कळणार," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर दोनदा वाजला, दोन्ही वेळा मी उचलला आणि तेच सांगितलं. शालिनी भाऊबीज सोडून वर्षभर त्यांचा फोन उचलायचीच नाही. वाजू द्यायची आणि शांतपणे पोळ्या लाटत राहायची. मला अजून तेवढं जमत नाही.