डावीकडचा जयभीम

अमडापूरच्या विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचं ग्रंथवाचन म्हणजे दयारामचा आवाज, हे वीस वर्षांपासून ठरलेलं. चष्मा चढवला की मुंगीएवढं अक्षरही त्याच्या हातून सुटत नसे. आपल्या नजरेचा त्याला ताठा होता.

घोरण्याचाही होता. राबलेल्या माणसाची झोप अशीच असते, म्हणायचा. झोपेत तुमचा श्वास मधेच थांबतो, असं बायको रुख्मिणी काकुळतीनं सांगायची, ते त्यानं हसण्यावारी नेलं. सकाळी डोकं जड व्हायचं, दुपारी बसल्या जागी डुलकी लागायची. वय झालं, म्हणून सोडून दिलं.

तीन वर्षांपूर्वी कडूबा त्याच्याशी बोलेनासा झाला. दोघांचा एकेक बैल, मिळून जोडी, अशी अर्धी हयात दोघांनी शेती केलेली. दयारामला कारण कळेना. आपला वाचनाचा मान कडूबाला खुपत असेल, असं त्यानं मनाशी धरलं आणि विचारायला काही गेला नाही.

यंदा उन्हाळ्यात मुलगी समता चिखलीहून आली. नर्स होती. बाप दिवसाउजेडी दाराच्या चौकटीला धडकताना तिनं पाहिला आणि बुलढाण्याला दवाखान्यात नेला. तिथं यंत्राला डोळा लावून, ठिपका दिसला की बटण दाबायचं होतं. कागद निघाला, त्यात डावी बाजू काळीकुट्ट. काचबिंदू. समोरचं अक्षर दिसत राहतं, बाजूचं जग हळूहळू मिटत जातं, असं डॉक्टरांनी समजावलं. गेलेलं परत येणार नव्हतं, उरलेलं राखायचं होतं. झोपेत श्वास अडकणं डोळ्याच्या नसेलाही बरं नाही, म्हणून झोपेचीही तपासणी झाली.

आता दोन वेळा थेंब चुकत नाहीत. तंबाखूचा खर्रा सुटला. डोळ्यातला दाब वाढू नये म्हणून पोत्याला हात नाही. जेवण दिवेलागणीलाच, मग पायी फेरी, आणि झोपताना तोंडावर श्वास चालू ठेवणाऱ्या मशीनचा मुखवटा. रुख्मिणी म्हणते, घर इतकं शांत झालं की आता तिलाच झोप येत नाही.

एके सकाळी दयाराम तो कागद घेऊन कडूबाच्या ओट्यावर गेला. एवढं दिसत नाही मले, म्हणून दाखवलेला काळा भाग कडूबानं बराच वेळ न्याहाळला.

"विहाराच्या फाटकाजवळ तीन डाव हात वर करून जयभीम घातला तुले," तो म्हणाला. "विहाराचा भोंगा वाजत होता, माहा आवाज तुले कुठं जाणार? तू सरळ निघून गेला. म्हटलं, मोठा माणूस झाला."

"कोणत्या अंगाले होता?"

"डाव्या."

दयाराम खाली बसला. "तवाच येऊन चार शिव्या देल्ल्या असत्या, तं एवढा डोळा गेला नसता बे."

"मी नाही आलो. पण तू काऊन नाही आला इचाराले?"

"मले वाटलं, माह्या वाचनाचा मान तुले खुपते," दयाराम म्हणाला. मग कडूबा उजव्या अंगाला येईल असा तो सरकून बसला.